वक्ता आणि श्रोता

मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात एक तरुण बॅरिस्टर आपला पहिला खटला चालविण्यासाठी उभा राहिला. १८९१ साली विलायतेहून परीक्षा उत्तीर्ण होऊन तो परतला होता, त्यानंतर थोड्याच दिवसांची ही गोष्ट. खटला अगदी साधा, एका दिवसात आटोपेल असा होता. प्रतिवादीच्या वतीने वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करावयाची, एवढेच काम होते. परंतु तो उभा राहिला मात्र, आणि त्याचे पाय लटपटू लागले. डोके गरगरले, आपल्याबरोबर सारे न्यायालयही फिरत आहे असे त्याला वाटले. विचारण्यासारखा एकही प्रश्न त्याला सुचेना. अखेरीस तो खाली बसला. "हा खटला माझ्याकडून चालणार नाही, आपण दुसरे वकील पाहा आणि दिलेले ३० रुपये परत घ्या," असे पक्षकाराच्या माणसाला सांगून तो लज्जित होऊन न्यायालयाबाहेर पडला.

हा तरुण बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. पुढे ज्यांचा शब्द ऐकण्यासाठी लक्षावधी लोक उन्हातान्हात तिष्ठत बसले, तेच महात्मा गांधी. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात मोकळ्या मनाने सांगितला आहे.

मुलांनो, शाळेच्या सभेत बोलण्यासाठी नाव पुकारले गेले म्हणजे तुमच्यापैकी कित्येकांच्या घशाला कोरड पडत असेल. पाठ केलेले पहिलेच वाक्य ऐन वेळी दगा देत असेल. अशा वेळी मनात येते की, वक्तृत्व ही जन्मतःच मिळणारी देणगी आहे आणि ती आपल्या वाट्याला आलेली नाही. ही समजूत किती चुकीची आहे हे गांधीजींच्या चरित्रावरून चांगले ध्यानात येते. सभेत नीट बोलणे ही एक विद्या आहे. पोहणे किंवा सायकल चालविणे जसे प्रयत्नाने साधते, तसेच बोलणेही साधते. आणि या विद्येची एक जुळी बहीण आहे. तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे ऐकण्याची विद्या.

न बोलल्याने काय होते?

लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीचे सभासद होते. ते प्रत्येक सभेला जात. पण तोंड उघडण्याचा धीर त्यांना होत नसे. एकदा त्या मंडळातील एका डॉक्टरांना सभासदत्वावरून दूर करावे असा प्रस्ताव आला. त्या डॉक्टरांची काही मते गांधीजींना पटत नव्हती. तरीसुद्धा केवळ मतभेदासाठी एखाद्याला मंडळाबाहेर घालविणे अन्यायाचे आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. गप्प राहणे त्यांना बरे वाटेना आणि बोलण्याचे धैर्य होईना. शेवटी त्यांनी आपले विचार कागदावर लिहून काढले. पण तो कागद वाचून दाखविणेही त्यांना जमले नाही. अध्यक्षांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. त्या दिवशी डॉक्टरांचा पक्ष हरला.

गांधीजी स्वतः बोलले असते तर निकाल बदलला असता की नाही, कोण सांगणार? पण या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. बोलता येणे हे केवळ टाळ्या किंवा बक्षिसे मिळविण्यासाठी नसते. एखाद्यावर अन्याय होत आहे असे आपल्याला दिसते, आपल्या मनात योग्य विचार असतो, आणि तरीही तो विचार ओठांपर्यंत येत नाही. अशा वेळी आपल्या मुकेपणाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. म्हणून आपल्या मनातील गोष्ट चार माणसांपुढे स्पष्टपणे सांगता येणे हे प्रत्येक नागरिकाला आवश्यक आहे.

वक्त्याची तयारी

१८९३ साली गांधीजी एका खटल्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरिया शहरातील हिंदी लोकांची त्यांनी एक सभा भरविली. त्यांच्या आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणता येईल असे भाषण या सभेत झाले. मुंबईच्या न्यायालयात ज्याला एक प्रश्न विचारता आला नाही, तोच मनुष्य येथे कसा बोलू शकला?

याचे पहिले कारण म्हणजे त्यांचा विषय त्यांच्या अंतःकरणातला होता. व्यापारात खरेपणा पाळता येत नाही, असे तेथील व्यापारी म्हणत. गांधीजींना ते मान्य नव्हते. परदेशात तर आपल्या वागणुकीवरून साऱ्या देशबांधवांची परीक्षा होते, म्हणून तेथे खरेपणाची जबाबदारी अधिकच आहे, असे त्यांना कळकळीने सांगावयाचे होते. दुसरे कारण म्हणजे त्यांनी विषयाची तयारी केली होती. कळकळ आणि तयारी या दोन गोष्टी एकत्र आल्या की भीतीला मनात फारशी जागा उरत नाही.

तयारी म्हणजे भाषण शब्दशः पाठ करणे असे पुष्कळ मुले समजतात. पण पाठ केलेले भाषण दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे असते. दोरा एके ठिकाणी तुटला की सारे मणी घरंगळून जातात. त्यापेक्षा आपल्याला काय सांगावयाचे आहे याचे तीन किंवा चार मुद्दे काढावेत, ते क्रमाने लहानशा कागदावर टिपून घ्यावेत आणि प्रत्येक मुद्दा आपल्या शब्दांत मोठ्याने बोलून पाहावा. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र पक्के ठरवून ठेवावे. आरंभ नीट झाला म्हणजे जिवाला धीर येतो आणि शेवट ठरलेला असला म्हणजे बोलणे लांबत नाही.

मुद्द्यांचा क्रम कसा असावा, हे आपल्या कीर्तनकारांकडून शिकावे. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग किंवा वचन घेऊन त्यातील तत्त्व समजावून सांगतो. उत्तररंगात तो त्याच तत्त्वाचे एखादे आख्यान लावतो. नुसते तत्त्व सांगितले तर श्रोते पेंगतात, आणि नुसतीच गोष्ट सांगितली तर ते हात झाडून घरी जातात. तत्त्व आणि दृष्टान्त यांची जोड असली म्हणजे सांगितलेली गोष्ट श्रोत्यांच्या मनात घर करते.

आवाज आणि उभे राहणे

प्राचीन ग्रीस देशातील अथेन्स नगरात डेमॉस्थेनिस नावाचा एक पुरुष इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. त्याचा आवाज बारीक होता, उच्चार अस्पष्ट होते आणि बोलताना त्याला दम लागे. तो प्रथम लोकसभेपुढे बोलला तेव्हा लोक त्याला हसले. पण तो खचला नाही. असे सांगतात की, तो तोंडात लहान खडे धरून स्पष्ट बोलण्याचा सराव करी, चढावर धावत असताना श्लोक म्हणून दम वाढवी आणि मोठ्या आरशापुढे उभा राहून आपले हावभाव तपासून पाही. पुढे तो ग्रीसमधील सर्वश्रेष्ठ वक्ता म्हणून प्रसिद्धीस आला. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्यापासून असलेल्या धोक्याची सूचना त्याने आपल्या नगराला पुनःपुन्हा दिली.

तुम्ही तोंडात खडे मात्र धरू नका! ते घशात अडकतील. त्याऐवजी रोज दहा मिनिटे एखादा उतारा मोठ्याने, सावकाश आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा स्पष्ट उच्चार करून वाचा. आपल्याकडे शेवटची अक्षरे गिळून टाकण्याची खोड फार आढळते. सभेत उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवावेत आणि एक दीर्घ श्वास घ्यावा. शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलण्यास आरंभ करावा. ओरडण्याची मात्र गरज नाही. एक विचार संपला म्हणजे क्षणभर थांबावे. वक्त्याला तो क्षण मोठा वाटतो. पण तेवढ्या वेळात श्रोत्याच्या मनात ऐकलेली गोष्ट मुरत असते.

थोडे आणि खरे

लांबलचक भाषण म्हणजेच चांगले भाषण, असे मात्र नव्हे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना गेटिसबर्ग येथे घनघोर लढाई झाली. तेथे पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा अर्पणविधी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी झाला. त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट हे त्या काळचे नामांकित वक्ते होते. ते सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उभे राहिले आणि दोन-तीन मिनिटांतच आपले भाषण संपवून खाली बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनी लिंकनना पत्र लिहिले. या समारंभाचे मर्म आपण दोन मिनिटांत जितके सांगितले, तितके मला दोन तासांत सांगता आले असते तर मी धन्यता मानली असती, असा त्या पत्राचा आशय होता. आज जग आठवते ते लिंकन यांचे लहानसे भाषण. आणि एव्हरेट यांचा मोठेपणाही विसरण्यासारखा नाही. स्वतः दोन तास बोलून झाल्यावरही दुसऱ्याचे बोलणे त्यांनी इतक्या लक्षपूर्वक ऐकले होते!

जे आपल्याला ठाऊक नाही ते ठासून सांगू नये, हाही वक्त्याचा मोठा नियम आहे. १९१६ च्या डिसेंबरात लखनौ येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. बिहारमधील चंपारण जिल्ह्याचे राजकुमार शुक्ल हे शेतकरी तेथे गांधीजींना भेटले. चंपारणातील शेतकऱ्यांना आपल्या जमिनीपैकी बिघ्यामागे तीन कट्ठे जागेत निळीचे पीक मळेवाल्या साहेबांसाठी लावावे लागे, आणि त्यापायी त्यांचा फार छळ होई. या विषयावरील ठराव आपण मांडावा, अशी विनंती गांधीजींना करण्यात आली. गांधीजी म्हणाले की, तेथील स्थिती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून मी काहीच मत देऊ शकत नाही. त्यांनी ठराव मांडला नाही. तो दुसऱ्यांनी मांडला. न बोलण्याचाही एक योग्य प्रसंग असतो. लंडनमधील मौन भीतीचे होते, लखनौमधील मौन सत्याचे होते.

श्रोत्याची विद्या

आता जुळ्या बहिणीकडे वळू. भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिले स्थान श्रवणाला दिले आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात. अवधान म्हणजे सारे मन एके ठिकाणी गोळा करून दिलेले लक्ष. तेथे त्यांनी एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण त्याला पाझर फोडण्याची किमया चंद्राजवळ असते. त्याचप्रमाणे श्रोत्यावाचून वक्ता हा वक्ताच होऊ शकत नाही, असे ते म्हणतात.

या दृष्टान्ताचा अनुभव तुम्हीही घेऊन पाहा. तुमचा मित्र बोलत असताना सारा वर्ग त्याच्याकडे पाहत असेल, तर त्याला नवे शब्द सुचतात. पण कोणी खिडकीबाहेर पाहत आहे, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजत आहे, असे दिसले की त्याचे शब्द सुकून जातात. तेव्हा भाषण बिघडले तर तो दोष केवळ वक्त्याच्या माथी मारता येत नाही.

चांगला श्रोता मूर्तीसारखा स्वस्थ बसलेला दिसला, तरी त्याचे मन काम करीत असते. वक्त्याचा मुख्य मुद्दा कोणता, त्यासाठी त्याने कोणती कारणे दिली, त्यांतील पाहिलेले कोणते आणि नुसते ऐकीव कोणते, हे तो मनाशी पारखत असतो. एखादे वाक्य पटले नाही तरी तो मध्येच तोंड घालीत नाही. पुष्कळ जण ऐकत असल्याचे दाखवितात, पण खरे पाहता ते आपली बोलण्याची पाळी केव्हा येते याची वाट पाहत असतात. अशाने वाद वाढतो. ज्ञान मात्र वाढत नाही.

आपल्या महाराष्ट्रात बोलणे आणि ऐकणे यांचा उत्तम मेळ पाहावयाचा असेल, तर तो संत गाडगेबाबांच्या कीर्तनात दिसेल. १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की प्रथम हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. ते आपल्या साध्या वऱ्हाडी बोलीत बोलत. मुलांना शाळेत घाला, ऋण काढून सण करू नका, देवापुढे मुका जीव मारू नका, शिवाशीव पाळू नका, हा त्यांचा उपदेश असे. पण तो ते नुसता सांगत नसत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तराची वाट पाहत आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढीत. अशा रीतीने खेड्यातील अडाणी समजला जाणारा शेतकरीही त्या कीर्तनात स्वतः विचार करू लागे. दिवसभर हातात खराटा धरलेला मनुष्य स्वच्छतेविषयी बोलला की, त्या बोलण्याला निराळेच वजन येई. आचरण हेच वक्त्याचे सर्वांत मोठे बळ होय.

चंपारणातील ऐकणे

लखनौहून निघालेला धागा आता पुरा करू. १९१७ च्या एप्रिल महिन्यात गांधीजी चंपारणात गेले. जिल्हा सोडून जाण्याचा सरकारी हुकूम त्यांनी मानला नाही. त्यामुळे १८ एप्रिल रोजी मोतिहारीच्या न्यायालयात त्यांना उभे राहावे लागले. तेथे त्यांनी आपले छोटे निवेदन स्वतः वाचून दाखविले. हुकूम मोडला हे मला मान्य आहे; पण तो कायद्याचा अनादर म्हणून नव्हे, तर अंतरात्म्याची आज्ञा त्याहून श्रेष्ठ मानल्यामुळे मोडला, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पुढे सरकारने तो खटला काढून घेतला. लंडनमध्ये ज्याला स्वतःचा कागद वाचता आला नव्हता आणि मुंबईच्या न्यायालयात ज्याची वाचा बसली होती, तो हाच मनुष्य!

आणि त्यानंतर गांधीजींनी चंपारणात मोठमोठी व्याख्याने दिली काय? नाही. त्यांनी ऐकण्यास आरंभ केला. दूरदूरच्या खेड्यांतून शेतकऱ्यांचे थवे येऊ लागले. गांधीजींचे सहकारी एकेकाची हकिकत ऐकून लिहून घेऊ लागले. लिहून घेणाऱ्यांना सक्त ताकीद होती की, प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारून हकिकतीची पारख करावी आणि जी टिकणार नाही ती सोडून द्यावी. सरकारचे गुप्त पोलीसही तेथे हजर असत. त्यांना हाकलून न देता सौजन्याने वागविले जाई. पोलिसांच्या देखत बोलल्यामुळे शेतकऱ्यांची भीती मोडली, आणि तिखटमीठ लावून सांगण्यासही आळा बसला. अशा रीतीने हजारो जबान्या गोळा झाल्या. त्या पुराव्यापुढे सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गांधीजी त्या समितीचे एक सभासद होते. १९१८ साली कायदा होऊन निळीच्या सक्तीची ती जुनी पद्धत बंद झाली.

ज्यांचे कोणी कधी ऐकले नव्हते, त्यांचे कोणीतरी मन लावून ऐकले, आणि त्यातूनच बोलण्याला बळ आले. वक्त्याचे सामर्थ्य कोठून येते, याचे उत्तर चंपारणात सापडते. जो पुष्कळांचे ऐकतो, त्याच्याजवळच पुष्कळांना सांगण्यासारखे काही असते.

आपली सभा

मुलांनो, तुमच्या वर्गाची सभा ही लहानशी लोकसभाच आहे. तेथे अध्यक्षांची अनुमती घेऊन बोलावे, ठरलेली वेळ पाळावी आणि बोलणे विषयाला धरून असावे. कोणाचे मत खोडून काढावयाचे असेल, तर आधी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडावे. "माझे म्हणणे आपण बरोबर सांगितले," असे त्याने कबूल केले, तरच पुढे बोलावे. मतावर टीका करावी, माणसावर करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वर्गात एखादा अबोल मुलगा किंवा एखादी लाजाळू मुलगी नेहमी शेवटच्या बाकावर बसत असेल, तिच्याकडे सभेचे लक्ष वेधावे. "तुला काय वाटते?" असे विचारून मग स्वस्थ राहावे. उत्तर येण्यास वेळ लागेल. तोवर हसू नये, घाई करू नये. लंडनच्या त्या सभेत कोपऱ्यात बसलेल्या एका अबोल तरुणाजवळही सांगण्यासारखे पुष्कळ होते!

स्वाध्याय

१. लंडनमधील आणि लखनौमधील गांधीजींच्या मौनात कोणता फरक होता?

२. गांधीजींना प्रिटोरियाच्या सभेत बोलता आले, याची कोणती दोन कारणे पाठात दिली आहेत?

३. चंद्रकांत मण्याचा दृष्टान्त तुमच्या शब्दांत सांगा. वर्गातील एखाद्या अनुभवाने तो पटवून द्या.

४. गुप्त पोलिसांच्या उपस्थितीचा चंपारणातील शेतकऱ्यांवर कोणता दुहेरी परिणाम झाला?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : घशाला कोरड पडणे, मनात घर करणे, तिखटमीठ लावणे, वाचा बसणे.

६. 'आमच्या गावाची पाण्याची अडचण' या विषयावर तीन मुद्दे काढा आणि वर्गात तीन मिनिटे बोला. बोलून झाल्यावर तुमच्या शेजाऱ्याने ते तीन मुद्दे आपल्या शब्दांत सांगावेत. त्याला ते सांगता आले नाहीत, तर दोष बोलण्यात होता की ऐकण्यात, याचा दोघांनी मिळून विचार करावा.

७. घरातील वडिलधाऱ्या माणसांपैकी एकाला त्यांच्या लहानपणची एखादी आठवण विचारा. ती मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका आणि दुसऱ्या दिवशी दहा ओळींत लिहून काढा.